सात घड्याळं, नऊ लेमन सेट आणि एक वही

आहेरात काय द्यावं ते देणाऱ्याला सुचत नाही आणि काय हवंय ते घेणाऱ्याला सांगवत नाही. परदेशात यावर 'गिफ्ट रजिस्ट्री'चा तोडगा निघाला. रायपूरच्या गुढियारीसारख्या बाजारात तो दुकानदाराच्या वहीतही बसू शकतो. मात्र आपल्याकडे या यादीला एक धोक्याची कडा आहे, ती आधी ओळखायला हवी.

मांडववाल्याने खुर्च्या नेल्या, पाहुणे पांगले, सत्यनारायणही झाला, की लग्नघरातल्या बायका एखाद्या दुपारी सतरंजी टाकून बसतात. मधोमध आहेराचा ढीग. नव्या सूनबाईंच्या हातात कात्री, नणंदेच्या मांडीवर वही. पहिलं खोकं उघडतं, त्यातून भिंतीवरचं घड्याळ निघतं. सगळ्या म्हणतात, छान आहे. दुसऱ्यातून लेमन सेट, तिसऱ्यातून पुन्हा घड्याळ. चौथ्या घड्याळाला हसू फुटतं. सातव्याला सासूबाई म्हणतात, "बाजूला ठेव गं, पुढे कुणाच्या तरी लग्नात देता येईल." आणि ते खरोखरच पुढे जातं. कधी कधी आतली चिठ्ठी काढायची राहून जाते, आणि मूळ देणाऱ्याच्याच पुतणीच्या लग्नात ते त्याच चिठ्ठीसह परत येतं. असे किस्से नाहीत असं मराठी घर शोधूनच काढावं लागेल.

हसण्यावारी न्यावी इतकी ही गोष्ट साधी नाही. हेच जोडपं पंधरा दिवसांनी भाड्याच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटतं, तेव्हा घरात सात घड्याळं असतात आणि कुकर नसतो. गादी, मिक्सर, बादल्या, पोळपाट, इस्त्री सगळं पहिल्या पगारातून घ्यावं लागतं. आणि आहेरासाठी हजार-पाचशे मोडलेल्या त्या चाळीस नातेवाइकांनाही मनापासून काहीतरी उपयोगाचंच द्यायचं होतं. दोन्हीकडचे पैसे गेले, इच्छाही होती, फक्त एकाचं दुसऱ्याला कळलं नाही.

यावर काही जण पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात. विचार चांगलाच आहे. पण ज्या मामीने भाचीला अंगाखांद्यावर खेळवलं, ती ही ओळ वाचूनही रिकाम्या हाताने येत नाही. ती पाकीट आणते, आणि पाकीट आणलं की एकशे एक का पाचशे एक, हा हिशेब सुरू होतो. पाकिटाला वस्तूची ऊब नसते, हेही तितकंच खरं.

सुरुवातही लहान दुकानातूनच

गिफ्ट रजिस्ट्री म्हटलं की डोळ्यांपुढे मोठमोठी झगमगती दुकानं येतात. नवरा-नवरी दुकानात जाऊन हव्या त्या वस्तूंची नोंद करतात, पाहुणे त्या नोंदीतली एकेक वस्तू विकत घेतात, घेतलेल्या वस्तूवर खूण होते आणि दुसऱ्याकडून तीच वस्तू येत नाही. पद्धत एवढीच. शिकागोच्या 'मार्शल फील्ड्स' या प्रचंड दुकानाने १९२४ मध्ये ती चालू केली आणि अमेरिकाभर तिचा बोलबाला झाला. पण त्याच्याही आधी, १९०१ मध्ये, मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावच्या 'चायना हॉल' या चिनीमातीच्या भांड्यांच्या दुकानात नववधूंच्या पसंतीची नोंद ठेवली जाऊ लागली, असं मानलं जातं. म्हणजे ही कल्पना गावातल्या एका दुकानदाराची. कोणत्या मुलीने कोणत्या नक्षीच्या बशा पसंत केल्या हे त्याच्या टिपणात असायचं. बशा विचारायला आलेल्या मावशीला तो सांगू शकायचा, की सहा गेल्या, सहा राहिल्या.

पुढे यंत्रं आली. १९९३ मध्ये 'टार्गेट' या दुकानांच्या साखळीने ग्राहकांना स्वतःच यादी करता येईल अशी संगणकी सोय केली. त्यानंतर इंटरनेट आलं आणि यादी घरबसल्या होऊ लागली. यात गावातलं दुकान मात्र मागे पडलं. गेल्या काही वर्षांत तिकडची अनेक जोडपी आपल्या वस्तीतल्या छोट्या दुकानांकडे पुन्हा वळताना दिसतात. भांडी एकाकडून, पुस्तकं दुसऱ्याकडून, अंथरुणं-पांघरुणं तिसऱ्याकडून. आपल्याकडे तर वस्तीतलं दुकान अजून जागेवर आहे. मग ही सोय नव्याने आणायला परदेशी कंपनीची वाट कशाला पाहायची?

रुळांपलीकडची बाजारपेठ

रायपूर स्टेशनच्या पलीकडच्या अंगाला, मुंबई-हावडा लोहमार्गाच्या त्या बाजूला, गुढियारी पसरली आहे. शहराकडून यायचं तर रुळांखालून तरी या, नाहीतर तेलघानी नाक्याचा पूल चढा. किराणा आणि धान्याच्या ठोक व्यापारासाठी ही वस्ती वर्षानुवर्षं ओळखली जाते. पोत्यांनी भरलेले ट्रक, हातगाड्या, हमालांची वर्दळ. आणि याच गर्दीत पहाडी चौकाकडे, शुक्रवारी बाजाराकडे किरकोळीची दुकानंही आहेत. शहराच्या मधल्या गोलबाजारात लग्नाचं सगळं साहित्य मिळतं खरं, पण गुढियारीच्या माणसाला कुकरच्या शिटीसाठी रूळ ओलांडायची गरज पडत नाही.

रायपुरात मराठी माणूस नवा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये छत्तीसगडात आल्या, बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ रतनपुराहून कारभार केला, आणि १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. त्यानंतरही १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती. कचेरी, शाळा, रेल्वे, वकिली अशा निमित्तांनी आलेली कुटुंबं इथेच रुजली. तात्यापाऱ्यात जुनी मराठी घरं आहेत, आणि १९३५ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ चौबे कॉलनीत आजही गजबजलेलं असतं. घरात मराठी, दुकानात हिंदी आणि बाजारातल्या भाजीवालीशी छत्तीसगढी, अशी तिन्ही भाषांची इथल्या मराठी गृहिणीला सवय आहे.

या मातीत आहेराची स्वतःची रीत आहे, आणि ती आपल्यापेक्षा उघड आहे. छत्तीसगढी लग्नात भांवर, म्हणजे फेरे, झाले की 'टिकावन' होतं. वधू-वरांना बसवतात, आणि एकेक नातेवाईक पुढे येऊन हळदीने पिवळे केलेले तांदूळ त्यांच्या कपाळाला लावतो आणि आपली भेट समोर ठेवतो. भांडी असतात, रोकड असते, शेतकऱ्याघरी गायही असते. मुलीला द्यायच्या पाच भांड्यांच्या संचाला 'पचहर' असं वेगळं नावच आहे. काशाच्या भांड्यांसाठी चांपा गावाचं नाव निघतं. कोसा, कांसा आणि कंचन, म्हणजे कोसा रेशीम, कासं आणि सोनं, या तिन्हींसाठी ते गाव प्रसिद्ध आहे. अक्षय तृतीयेला, इथल्या बोलीत 'अक्ती'ला, लहान मुली मातीच्या पुतरा-पुतरींचं लग्न लावतात, ते या मोठ्यांच्या लग्नाचंच छोटं रूप.

आपल्याकडे आहेराची वही असते. कोणी काय दिलं हे तिच्यात लिहून ठेवायचं आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की वही उघडून तेवढंच, किंवा थोडं वरचढ, परत करायचं. तामिळनाडूत पुदुकोट्टै-तंजावर भागात 'मोय विरुंदू' नावाची जेवणावळ घालतात. तिथेही येणारा पैसे देतो, त्याची वहीत नोंद होते आणि पुढे ते फेडायचे असतात. आहेर लिहून ठेवणं भारतीयाला असं काही नवं नाही. फरक इतकाच, की आपण आहेर आल्यानंतर लिहितो. रजिस्ट्रीत तो येण्याआधी लिहायचा.

याच 'आधी'त सगळी मेख आहे.

यादी आणि मागणी

लग्नाच्या आधी वस्तूंची यादी म्हटलं, की आपल्या घरांत एक वेगळीच आठवण जागी होते. फ्रीज, स्कूटर, अमुक तोळे, अशी यादी मुलाकडून मुलीच्या वडिलांच्या हातात पडत आली आहे, आणि त्या यादीपायी घरं उद्ध्वस्त झाली आहेत. म्हणूनच कोणी 'आहेराची यादी करू' म्हटलं की मुलीची आई दचकते. तिचं दचकणं योग्यच आहे.

हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा. त्याप्रमाणे हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हे आहेत आणि त्यासाठी साधारणपणे किमान पाच वर्षांची कैद सांगितली आहे. नुसतं मागणं हाही कलम ४ खाली वेगळा गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद. मात्र कोणतीही मागणी न करता लग्नात दिलेल्या भेटी कायद्याने वगळल्या आहेत. अट अशी, की त्यांची यादी ठेवलेली असली पाहिजे. मुलीच्या बाजूने दिलेल्या भेटी रीतीप्रमाणे हव्यात आणि देणाऱ्याच्या ऐपतीबाहेरच्या नसाव्यात, हेही कायदा सांगतो.

ही यादी कशी ठेवायची याचे नियम २ ऑक्टोबर १९८५ पासून लागू आहेत. किती घरांना ते ठाऊक असतील, कुणास ठाऊक! नियम साधे आहेत. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूने ठेवायची, वराला मिळालेल्यांची वराने. यादी लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर करायची. ती लेखी हवी. तिच्यात प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि तो नातेवाईक असेल तर नातं लिहायचं. खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवून अंगठा घ्यायचा. हॉल, घोडा, बँड यांच्या गडबडीत हे चार रकाने आखायला कोणाला वेळ नसतो. पुढे दुर्दैवाने दोघांत बिनसलं तर 'तो मिक्सर माझ्या मामाने दिला होता' हे सिद्ध करायला कागदाचा कपटा सापडत नाही. स्त्रीधन हे सासरी ठेवायला दिलं तरी बाईचंच राहतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. पण स्त्रीधन कोणतं, हे आधी दाखवावं लागतं.

आता भांड्यांच्या दुकानातली वही डोळ्यांपुढे आणा. वस्तू, किंमत, कोणी घेतली, कोणासाठी. नियमातले रकाने आणि वहीतले रकाने जवळजवळ तेच! नात्याचा एक रकाना वाढवला की कायद्याची यादी निम्मी-अर्धी तयार होते.

तेव्हा अशा यादीला कुंपण हवं, आणि ते सुरुवातीलाच घालावं. यादी मुलगा आणि मुलगी दोघांनी मिळून करावी. मुलाकडच्यांनी ती मुलीच्या आई-वडिलांपुढे कधीही ठेवू नये, गमतीतसुद्धा नाही. दोघांनी ती आपापल्या नातेवाइकांना आणि मित्रांना सांगावी, तीही त्यांनी 'काय देऊ' असं विचारलं तरच. सोनं, वाहन, फर्निचरचा संच तिच्यात नकोच. ज्या घरात मुलाच्या बाजूचं कोणी 'यादीत फ्रीजही टाका ना' असं म्हणेल, तिथे यादीचा बेत तत्काळ रद्द करावा आणि जमल्यास सोयरिकीचाही फेरविचार करावा.

पत्रिकेवरही यादीचा उल्लेख नको. ज्या अमेरिकेत ही पद्धत रुळली, तिथेही आमंत्रणपत्रिकेवर यादी छापणं असभ्य मानलं जातं. बातमी तोंडातोंडी जावी. त्यासाठी प्रत्येक घरात एक बोलकी आत्या असतेच.

गुढियारीत हे कसं जमेल?

समजा, पहाडी चौकाजवळच्या एका मराठी घरातल्या मुलीचं लग्न फेब्रुवारीत आहे. मुलगा भिलाईचा. दोघंही नोकरी करतात, लग्नानंतर रायपुरातच दोन खोल्यांत राहणार. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं, की एका रविवारी दोघांनी मिळून बाजारात फिरायचं. तीन दुकानं पुरेत. एक भांड्यांचं, एक विजेच्या सामानाचं, एक गादी-चादरींचं. शेटजींना नीट सांगायचं, की हे उधारीचं खातं नाही. आमचे पाहुणे येतील, एकेक वस्तूचे पैसे भरतील, तुम्ही ती खोडायची आणि माल लग्नानंतर एकदमच आमच्या घरी पाठवायचा. मुरलेल्या दुकानदाराला हे दोन वाक्यांत कळतं. नाहीतरी एकाच घरचे दहा पाहुणे त्याच्याकडे येतच असतात, आणि 'त्यांच्याकडे कुकर गेला का हो?' असं विचारतच असतात.

यादी करताना मोह आवरावा. चाळीस-पन्नास वस्तू पुष्कळ झाल्या, आणि त्यातल्या निम्म्या स्वस्त हव्यात. पोळपाट-लाटणं, चिमटा-झारा, विळी, डब्यांची उतरंड, बादली-मग. ज्याची ऐपत दोनशे रुपयांची आहे त्यालाही मान वर करून निवडता आलं पाहिजे. यादीत सगळ्याच वस्तू तीन-तीन हजारांच्या असतील तर ते आमंत्रण राहत नाही, ती वर्गणी होते. मिक्सर किंवा गादीसारखी महाग वस्तू चार मावसभावंडांत वाटून घेता येते. त्यासाठी दुकानदाराने वहीत त्या वस्तूपुढे चार घरं आखून ठेवावीत.

गुढियारीची खरी गंमत पुढेच आहे. इथे ठोक किराणा आहे, म्हणजे नव्या संसाराचा पहिला किराणाही यादीत घालता येईल! डाळी, गूळ, तेलाचा डबा, हळद-तिखट. शिवाय तांदूळ, कारण छत्तीसगड ही भाताची भूमी. नगरी दुबराज या सुगंधी तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सरगुज्याच्या जीराफूलला त्याआधी २०१९ मध्ये. पुण्याच्या काकूंनी घड्याळाऐवजी दुबराजचं एक पोतं दिलं, तर पुढचे कित्येक महिने कुकरची शिटी झाली की घरात त्यांचं नाव निघेल. घड्याळाला हे भाग्य नाही.

बाहेरगावच्या पाहुण्यांची सोय हा याचा मोठाच फायदा आहे. आझाद हिंदने पुण्याहून किंवा मेलने नागपूर-अकोल्याहून येणाऱ्याला पितळी समई सांभाळत रात्र काढावी लागत नाही. तो दुकानात फोन करतो. "भैया, लिस्ट में क्या बचा है?" दुकानदार उरलेल्या वस्तू वाचून दाखवतो, किंवा वहीच्या पानाचा फोटो मोबाईलवर पाठवतो. पैसेही मोबाईलवरून जातात. पण मांडवात हात रिकामे कसे ठेवायचे? त्यासाठी दुकानदाराने एक छोटं कार्ड लिहून द्यावं: 'अमुक यांच्याकडून, पाच लिटरचा कुकर'. ते पाकिटात घालून अक्षतांबरोबर हातात ठेवायचं. टिकावनाच्या वेळीही ते चालेल. कपाळाला पिवळे तांदूळ लागतात, कार्ड समोर पडतं, रीत राहते आणि ढीगही होत नाही.

व्यवहाराच्या गोष्टी मात्र चोख हव्यात, नाहीतर चांगल्या कल्पनेचं भांडण होतं. दुकान ओळखीचं आणि जुनं असावं, कारण दोन-तीन महिने अनेकांचे पैसे त्याच्याकडे राहणार. प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल घ्यावं. वधूसाठीच्या वस्तूंच्या बिलावर वधूचं नाव आणि देणाऱ्याचं नाव, दोन्ही लिहून घ्यावीत. ते बिल हाच पुढे पुरावा. विजेच्या वस्तूंची वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरली जाते, त्यामुळे डिसेंबरात भरलेल्या पैशांचं बिल माल घरी आल्याच्या तारखेचं मिळेल का, हे आधीच विचारावं. कुकरवर आयएसआयची खूण पाहावी, ती आता सक्तीची आहे. दर वाढले तर फरक कोणी सोसायचा, तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहावं. आणि अशुभ वाटलं तरी लग्न मोडलं तर पैसे ज्याचे त्याला परत मिळतील, ही ओळही लिहून घ्यावी.

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी अनेक दुकानांत टांगलेली असते. सदोष मालापुरती ती चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिलावर मुदत दिलेली असेल तर त्या मुदतीत, आणि दिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. चांगल्या मालाचा रंग आवडला नाही, तर मात्र दुकानदाराच्या भलेपणावरच भिस्त.

दुकानदाराचं यात काय भलं? भर लग्नसराईत कोणत्या वस्तू खपणार हे त्याला महिनाभर आधी कळतं. त्यासाठी त्याला कपाटभर लेमन सेट भरून ठेवावे लागत नाहीत. ज्या घराचा आहेर त्याच्याकडून गेला, ते घर पुढे बारशालाही त्याच्याचकडे येतं. एवढ्यावर त्याच्याकडे आणखी सवलतीसाठी फार घासाघीस करू नये, असं वाटतं. घासाघीस करून घेतलेला कुकर आहेरात आला हे देणाऱ्यालाही आवडणार नाही.

आजीचा आक्षेप

या सगळ्यावर घरातल्या आजीचा एक आक्षेप असतो. आशीर्वाद का कुठे यादी देऊन मागवायचा असतो? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. आहेरात देणाऱ्याचं मन असतं. १९४७ मध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नात अडीच हजारांवर भेटी आल्या होत्या, त्यात ऑस्ट्रेलियातून आलेली हवाबंद अननसांची पाचशे खोकीही होती. त्याच लग्नात गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचं एक विणलेलं वस्त्र पाठवलं. प्रदर्शनात ते पाहून राणी मेरी यांना तो पंचा वाटला आणि त्या नाराज झाल्या, असं सांगतात. कोणत्याही दुकानाच्या यादीत ते वस्त्र नसतं, आणि आज आठवण निघते ती त्याचीच.

म्हणून यादी ही न सुचणाऱ्यांसाठी. ज्याला काय द्यायचं हे ठाऊक आहे, त्याने ते खुशाल द्यावं. आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, मावशीने केलेलं रुखवतातलं क्रोशाचं तोरण, मित्राने निवडलेली चार पुस्तकं, यांना यादीत जागाच नसते आणि नसावी. ज्या घरात काहीच कमी नाही तिथे यादीचा खटाटोपही नको. मुलगा-मुलगी वाचणारी असतील तर पुस्तकांच्या दुकानात एक वही उघडावी आणि बाकीच्यांना जेवायला बोलवावं.

एक अडचण मात्र उरते, ती नावाची. आपल्याकडे भांडं दिलं की त्यावर नाव घालून द्यायची रीत आहे. दुकानातच नाव घालणारा असतो. पूर्वी तो खिळ्याने ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं उठवायचा, आता विजेच्या लेखणीने घालतो. कोणाकडून, कोणास, कोणत्या दिवशी. देणाऱ्याला ते नाव हवंच असतं, कारण तीस वर्षांनी कोणीतरी त्या पातेल्यात दूध तापवताना ते वाचणार असतं. पण नाव पडलं की भांडं बदलून मिळत नाही. तेव्हा दुकानदाराला आधीच सांगून ठेवावं, की नावं शेवटी. लग्न होऊ दे, माल घरी येऊ दे, झाकण बसतंय का, कड वाकलेली नाही ना, हे नव्या सूनबाईंनी बघू दे. मग एका सकाळी सगळी भांडी पिशवीत घालून ती दुकानात जाईल, वही उघडेल आणि नाव घालणाऱ्याला एकेक नाव वाचून दाखवेल. घरी येऊन त्याच वहीवरून नियमातली यादी उतरवायची, दोघांनी खाली सह्या करायच्या आणि ती लग्नाच्या दाखल्याबरोबर ठेवायची. आत्याचं नाव परातीवर, मामाचं कुकरच्या झाकणावर. पुण्याच्या काकूंचं नाव मात्र तांदळाच्या पोत्यावर घालता येणार नाही. त्यांच्यासाठी तांदळाचा डबा आहेच.